लाल ठिपक्याची काडतुसं

शनिवार, ३ मे

ही काडतुसं माझी नाहीत!

हार्लन नेमबाजीच्या सामन्याहून आला, बूट काढले आणि सोफ्यावर आडवा झाला. मी त्याचा कातडी पट्टा पुसायला घेतला. पट्ट्यात उरलेली काडतुसं होती. एक काढून पाहिलं, तर बुडाच्या टोपीवर मधोमध लाल ठिपका. दुसऱ्यावर तोच. सगळ्यांवर तोच!

नेलपॉलिश आहे. आत ओल शिरू नये म्हणून काहीजण लावतात, मला ठाऊक आहे. पण आमच्या घरात नेलपॉलिशची बाटली नाही. माझ्या नखांना आयुष्यभर लागलं ते शिशाचं काळं.

लग्न झाल्यापासून ह्या माणसाच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं मी भरते. त्याच्या पणजोबांचं रिव्हॉल्व्हर. शतक उलटून गेलेलं लोखंड. त्याला दुकानातलं नवं काडतूस चालत नाही, त्याला लागते काळी दारू, मऊ शिसं आणि पुंगळी काठोकाठ ठासून भरणारा हात. तो हात माझा. नवऱ्याने दुसरीकडे जेवून यावं आणि घरी ताटावर बसून भूक नाही म्हणावं, तसं वाटलं.

विचारलं नाही. पट्टा होता तसा खुंटीला लावला.

रविवार, ४ मे

विचारलं!

"कोणाची काडतुसं आणलीस?"

"क्लबात देतात-घेतात गं एकमेकांना."

"कोणी दिली?"

"असतील कोणाची तरी."

हार्लनला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलताना तो खिडकीबाहेर बघून हवेबद्दल बोलतो. लगेच म्हणालाच, "वारा काय सुटलाय!" वायोमिंगमध्ये वारा कधी सुटलेला नसतो?

कोणाची ते मला विचारायची गरजच नाही. मर्नाची. मर्ना हॅच. गेल्या पानगळीत नेब्रास्काहून इथे राहायला आली. नवरा गेला आणि त्याच्या बंदुका घेऊन आली. आमच्या क्लबात सगळे जुन्या काळचे कपडे घालून जुनी हत्यारं चालवतात आणि प्रत्येकजण एक टोपणनाव घेतो. हार्लन म्हणजे 'डीकन डस्ट'. ह्या बाईने काय घेतलं? 'विडो थंडर'! गडगडती विधवा! म्हणजे विधवा असल्याची पाटीच लावली की गळ्यात.

मला टोपणनाव नाही. मी नेम धरत नाही, मी फक्त भरते. क्लबाच्या वहीत माझं नाव 'डीकनची बायको' असं आहे. आजवर मला ते पुरत होतं.

गुरुवार, ८ मे

हार्लनने मला दिवा आणलाय. माझ्या कामाच्या टेबलावर लावायला, लांब मानेचा, पांढऱ्या उजेडाचा. वाढदिवस नाही, नाताळ नाही.

"कशाला?"

"असू दे. उजेड चांगला पडतो."

असू दे म्हणे! ह्या माणसाने मला विनाकारण एकदाच काही आणलं होतं, तेव्हा माझी गाडी मागे घेताना कुंपणावर घातली होती. आताही कुठेतरी पाणी मुरतंय. मला दिवा, तिला काय?

आणि वर म्हणतो, "नेवा, कॅस्परला जाऊन एकदा डोळे दाखवून येऊ या का?" मी म्हटलं, माझ्या डोळ्यांना सगळं दिसतं. जरा जास्तच दिसतं.

शनिवार, १७ मे

आज सामना होता. मी गेले नाही. गेलं वर्षभर जातच नाही मी. तासन्तास लाकडी बाकावर बसायचं आणि गुडघे धरून परत यायचं. पण मर्नाला म्हणे दर सामन्याला उत्साह. असेना का!

जाताना मी भरलेल्या काडतुसांचा डबा त्याच्या हातात दिला. "थँक यू, म्हातारे," म्हणाला, नेहमीसारखं. डबा काखेत मारून गेला.

आला तो धुतलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन.

काळी दारू उडवली की नळीत काजळी बसते आणि घरभर सडक्या अंड्यांचा वास सुटतो. मग मी किटली ठेवते, साबणाचं गरम पाणी करते, तो सिलिंडर काढून देतो, मी धुते. आमचं शनिवारचं संध्याकाळचं ठरलेलं काम. कधी भांडलो, कधी हसलो, पण त्या पाण्यात चार हात असायचे. आज वास नाही. काजळी नाही. रिकाम्या पुंगळ्यासुद्धा घासून चकचकीत.

"कोणी धुतलं?"

"क्लबात गरम पाण्याची सोय झाली आता. आणि मर्नाकडे पुंगळ्या घासायचं मशीन आहे."

नाव घेतलं! आपण होऊन नाव घेतलं!

किटली ठेवली होती मी. त्याच पाण्याचा चहा करून प्यायले.

रविवार, १८ मे

सकाळी त्याने माझ्या टेबलावरचा बिनधुराच्या दारूचा डबा उचलला. त्याच्या नव्या रायफलीसाठी ती लागते, म्हणून ठेवलेली असते. डबा ट्रकमध्ये टाकला. कुठे नेतोस विचारलं तर म्हणे, "टेबलावर तुला जागा होईल." माझ्या जागेची एवढी काळजी!

गुरुवार, २२ मे

ऑर्विलच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. खिळे हवेत म्हणून. खिळे नको होते. हा ऑर्विलच क्लबाचे सामने चालवतो, त्याच्या कानावर सगळं असतं.

काउंटरवर एक बाहेरगावचा माणूस होता. आजोबांचं जुनं रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळून आणलेलं. म्हणतो, "पंचेचाळीस नंबरचं आहे, पंचेचाळीसचाच डबा द्या. घरी एक घालून पाहिलं, मस्त बसतंय."

ऑर्विलने डबा मागे ओढला. "बसतंय म्हणून चालतंय? माझ्या जावयाला माझा कोट बसतो. म्हणून माझ्या बायकोने त्याला नवरा म्हणायचं का?"

तो माणूस लाल झाला. ऑर्विलने मग त्याला नीट सांगितलं. हे पोलाद मऊ, जुनं, काळ्या दारूच्या काळातलं. काळी दारू गोळीला ढकलते. बिनधुराची लाथ घालते. नव्या लोखंडाला लाथ सोसते, म्हाताऱ्याला नाही. नंबर तोच, पुंगळी तीच, पण आतला माल वेगळा. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्या बाईसाहेबांना विचारा. डीकनचं रिव्हॉल्व्हर अजून एकसंध आहे ते ह्यांच्यामुळे."

एरवी मी फुगले असते. आज म्हटलं, "डीकनला आता माझी कुठे लागतात! त्याला लाल ठिपक्याची लागतात."

ऑर्विल हसला आणि खिळे मोजायला लागला. म्हणाला, "अगं, मर्नाची का? नीटनेटकं काम असतं हां तिचं." नीटनेटकं! माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या घरी येईपर्यंत उतरल्या नाहीत.

सोमवार, २६ मे

मेमोरियल डे, गेलेल्या सैनिकांचा दिवस. सकाळी दफनभूमीत माझ्या बापाच्या दगडाशी छोटा झेंडा लावून आलो. परत येताना हार्लन म्हणाला, मर्नाचं कॉबलरचं भांडं आपल्याकडे राहिलंय, देऊन येऊ. तिचं ते पीचचं गोड कॉबलर माझ्या घरात कधी आलं, कोणी खाल्लं? मी तर नाही! मी म्हटलं, मीच देते, तू ट्रकमध्ये बस.

गॅरेजचं दार उघडं होतं. मर्ना आत टेबलाशी उभी. साठीची आहे, पण कंबर अजून कंबरेच्या जागी आहे. मला बघून दचकली. खरंच दचकली! चोराच्या मनात चांदणं.

"अय्या, नेवा! ये ना, कॉफी टाकते."

"नको. तुझं भांडं."

आणि तिच्या मागे फळीवर माझा डबा. बिनधुराच्या दारूचा. माझ्याच अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली, 'सांभाळून!' त्याच्या शेजारी लाल ठिपक्याची काडतुसं रांगेत उभी, आणि नेलपॉलिशची बाटली.

म्हणजे ही बाई हार्लनच्या पणजोबांच्या रिव्हॉल्व्हरला बिनधुराची घालते! म्हणूनच नळी स्वच्छ. म्हणूनच वास नाही. आणि हार्लनने तिला ती दारू माझ्या टेबलावरून नेऊन दिली. त्याला काळी कुठली आणि बिनधुराची कुठली, कधी कळलंच नाही, आजवर मीच भरून दिलेलं त्याने उडवलंय. तिने हसून सांगितलं असेल, "ह्याने घाण होत नाही हो!" आणि हा भुलला.

घरी येईपर्यंत तो वाऱ्याबद्दल बोलत होता.

मंगळवार, २७ मे

सांगायला हवं. आज सांगितलं नाही.

रविवार, १ जून

अजून सांगितलं नाही. का नाही, ते इथे तरी खरं लिहिते.

नाही सांगितलं तर काय होईल? एक दिवस ते फुटेल. पहिल्या काडतुसाला फुटत नाही, लोखंड थकत जातं आणि मग एकदा सिलिंडर फाटतं. फुटलं की सगळ्यांना दिसेल कोणाचं काडतूस होतं. लाल ठिपका! मग ऑर्विल म्हणेल का नीटनेटकं काम? ती नेब्रास्काला परत जाईल. आणि हार्लन माझ्याकडे येईल. सुंठेवाचून खोकला जाईल.

हात जाऊ नये. नुसतं फुटावं. इतकंच मागते मी. पण नुसतं फुटणं असं काही नसतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? पूर्वी बफेलो गावच्या सामन्यात एकाचं फुटलं होतं. त्याची बोटं आम्ही सगळ्यांनी गवतात शोधली होती.

तरी जीभ उचलत नाही. मला तिचा इतका राग येतो! तिने त्याला घेतलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. घराबाहेर काढलं असतं दोघांना आणि झोपले असते. पण तिने माझं काम घेतलं. त्याच्या अख्ख्या आयुष्यात माझ्यावाचून अडेल अशी ही एकच गोष्ट होती. जेवायला तो हॉटेलात जाईल, कपडे मशीन धुईल. हे मात्र मीच करायचं होतं.

आजही त्याच्यासाठी भरायला बसले. नवा दिवा लावला नाही. मुद्दाम.

गुरुवार, ५ जून

आज सांगणारच होते.

माझ्या कोटाची चेन अडकली होती. हार्लनने कोट मांडीवर घेतला, मेणबत्ती घासली, एकेक दात सरळ केला. जाडजूड बोटं, पण काम किती हळू! उजव्या हाताची तर्जनी, चाप ओढणारी, तीच चेनीखाली घालून बसला होता. मला एकदम ते गवत आठवलं. म्हटलं, "हार्लन, ऐक—"

तेवढ्यात फोन. त्याने नाव पाहिलं आणि फोन घेऊन ओसरीवर गेला. दार ओढून घेतलं! काचेतून दिसत होता, मान हलवत होता, एकदा माझ्याकडे वळून बघितलं. मी विचारायच्या आधीच आत येऊन म्हणाला, "मर्ना होती. शनिवारचं विचारत होती."

"आणि?"

"काही नाही. तू काय सांगत होतीस?"

"काही नाही."

चेन आता सुरळीत चालते.

शनिवार, ७ जून

गेले. सामन्याला गेले. हार्लनला म्हटलं, आज मी पण येते. त्याचा चेहरा असा पडला की मला खातरीच पटली. मांडीवर बटाट्याच्या कॅसरोलचं भांडं घेऊन ट्रकमध्ये बसले. मी भरलेल्या काडतुसांचा डबा मागच्या सीटवर होता.

क्लबात सगळे येऊन भेटले. "डीकनची बायको आली!" मर्ना लांबच उभी होती, गुडघ्यापर्यंत जांभळा घागरा, डोक्यावर पिसाची हॅट. माझ्याकडे बघून हात हलवला. मी भांडं दोन्ही हातांनी धरलं होतं, म्हणून हलवता आला नाही.

मनात काय होतं ते लिहिते. बघायचं, इतकंच होतं. काय होतं ते बाकावर बसून बघायचं.

हार्लनचा नंबर आला. भरायच्या टेबलाशी उभा राहिला. आमच्याकडे सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच भरतात, घोड्याखालचं घर रिकामं ठेवतात. त्याने पट्ट्यातून एकेक काढलं. लाल ठिपका. लाल ठिपका. माझा डबा ट्रकमध्येच! पाचही घालून रेषेवर जाऊन उभा राहिला. ऑर्विलने त्याच्या खांद्यामागे घड्याळ धरलं. हार्लनने हात खाली सोडला, बोटं जराशी हलवली.

आणि मी ओरडले, "थांबा!"

आमच्या क्लबात ही ओरड कोणीही करू शकतं, अगदी बघायला आलेला पाहुणासुद्धा. एकदा ऐकू आली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि हत्यार खाली. सगळे थांबले. सगळे माझ्याकडे वळले. कॅसरोलचं भांडं माझ्या पायाशी पडलं होतं, ते मला नंतर कळलं.

"त्या रिव्हॉल्व्हरमध्ये बिनधुराची आहे! हिने भरलीय! माझ्या नवऱ्याचा हात उडवायला निघालीय ही! गोड बोलून, कॉबलर चारून—" आणखी बरंच बोलले. विधवा असण्यावरूनही बोलले. ते इथे लिहीत नाही.

हार्लन म्हणाला, "नेवा, बस कर."

"नाही करत! उघडा! सगळ्यांसमोर उघडा!"

ऑर्विलने पाचही काढून घेतली. गोळी उपटायची हातोडी आणली, टेबलावर आपटली. गोळी सुटली. आतला माल कागदी बशीत ओतला.

काळी. चमकणारी, काठोकाठ ठासलेली काळी दारू. "दुसरं उघड," मी म्हटलं. त्याने दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. सगळी काळी. नुसती काळी नव्हे, मी भरते तशीच भरलेली. दारूवर पुठ्ठ्याची चकती, चकतीवर मेण आणि चरबी. माझी पद्धत. ही पद्धत मी फक्त हार्लनला दाखवली होती.

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही.

मर्नाचा चेहरा पांढराफटक झाला होता. तिने हार्लनकडे पाहिलं. हार्लनने मान अगदी थोडी हलवली, नाही अशी. मी पाहिलं! मग ती माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "माझं चुकलं, नेवा. आधी तुला विचारायला हवं होतं मी." आणि वाकून सांडलेलं कॅसरोल भांड्यात भरायला लागली.

माफी मागितली! चूक नसेल तर कोणी माफी मागतं का? काळी असली म्हणून काय झालं? काहीतरी आहेच. एकमेकांकडे बघतात, माना हलवतात, माझी पद्धत तिला शिकवतात. डबा तिच्याकडे कसा गेला? उत्तर द्या म्हणावं!

हार्लन सामना न खेळताच मला घेऊन परत आला. अख्ख्या रस्त्यात वाऱ्याबद्दल काहीही बोलला नाही.

रविवार, ८ जून

सकाळी हार्लनने मला गोठ्यामागच्या खोपटात नेलं. कॉफीच्या डब्यांत माझ्या गोळ्या. मी भरलेल्या, त्याने उपटलेल्या. ईस्टरच्या सामन्यात माझं एक काडतूस हातात हलवलं तेव्हा खुळखुळलं. ठासून भरलेलं खुळखुळत नाही. शेजारी मर्ना होती, तिने ते उघडलं. आत बिनधुराची, सैल भरलेली. मी दोन डब्यांतला चुकीचा घेतला होता; पुन्हा तसं होऊ नये म्हणून त्याने तो डबा मर्नाकडे नेऊन ठेवला. त्यानंतरही काही रिकामी निघाली, काही अर्धी. हार्लन म्हणाला, "तुला कसं सांगू, ते सुचेना. तिच्याकडून तुझ्यासारखीच भरून घेतली."

म्हणजे मर्नाला सगळं माहीत होतं. काल मी सगळ्या गावासमोर तिला नको नको ते बोलत होते, तेव्हा तिला एक वाक्य बोलायचं होतं फक्त. ती बोलली नाही.